नापास राजांचं प्रगतिपुस्तक

आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम कोसळली की दोन कामं करावी लागतात. पहिलं, ती पुन्हा उभी करणं. दुसरं, ती का कोसळली याचा रिपोर्ट लिहिणं. पहिलं काम रात्रभर जागून, कॉफी ढोसून होतं. दुसऱ्याला मात्र डोकं लागतं, कारण तिथल्या प्रत्येक ओळीत कुणाच्या तरी माथी खापर फुटत असतं.

बायबलच्या जुन्या करारात 'राजे' नावाची दोन पुस्तकं आहेत. गेले काही शनिवार-रविवार मी ती वाचतोय, आणि माझ्या मते तो असा एक रिपोर्टच आहे. इ.स.पू. 586 मध्ये (काही जण 587 धरतात) बाबेलच्या सैन्याने यरुशलेम शहर जाळलं. शलमोनाने बांधलेलं मंदिर गेलं, तट पाडले गेले, शेवटच्या राजाचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेलं. आणि मग त्या वाताहतीत कुणीतरी शांतपणे बसून चारशे वर्षांचा हिशोब मांडला. हे असं का झालं? त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: राजांनी मूर्तिपूजा केली म्हणून.

(नावं मराठी बायबलमध्ये आहेत तशीच ठेवतोय. त्यामुळे सॉलोमनचा शलमोन आणि हेझेकायाचा हिज्कीया झालेला दिसला तर दचकू नका.)

आता ती आज्ञा नेमकी काय होती ते बघू. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांची सुरुवातच तिथून होते. दुसरे देव नकोत, आणि कोरलेली मूर्ती नको. आपण वाचताना दोन्ही एकच समजून पुढे जातो, पण हे दोन वेगळे गुन्हे आहेत. एक म्हणजे दुसऱ्याच देवाकडे जाणं. दुसरा म्हणजे आपल्याच देवाची प्रतिमा घडवणं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजासाठी तर वेगळं कलमच आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात म्हटलंय की राजाने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनं-चांदी फार साठवू नये, आणि नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून घेऊन ती जन्मभर वाचावी. त्या काळाच्या मानाने हे अजबच म्हणायचं. आजूबाजूच्या मिसर, अश्शूर, बाबेलमध्ये राजा कायदा देतो, राजा मंदिरं बांधतो, मिसरात तर राजा स्वतःच देव असतो. इथे राजाला गृहपाठ दिलाय!

शलमोनाने हा गृहपाठ कसा केला? 700 राण्या, 300 उपपत्नी, 1400 रथ, आणि वर्षाला 666 किक्कार सोनं. एक किक्कार म्हणजे साधारण 30-35 किलो, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. आकडे अर्थातच फुगवलेले असणार. पण कलमातल्या तिन्ही गोष्टी त्याने मोडल्या हे वाचकाच्या डोळ्यांत भरावं अशीच ती मांडणी आहे. शलमोनाची फाइल समोर ठेवूनच कुणीतरी हे कलम लिहिलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

त्याच्यावरचा मुख्य आरोप मात्र हा की बायकांच्या नादाने त्याने यरुशलेमच्या पूर्वेच्या टेकडीवर मवाबाच्या कमोशासाठी आणि अम्मोन्यांच्या देवासाठी पूजास्थानं बांधली. पण त्या काळी शेजारच्या राजाची मुलगी करून घेणं म्हणजे तह करणं, आणि ती येताना आपला देव आणि आपले पुजारी घेऊन येणारच. त्या टेकडीवरची स्थानं म्हणजे एका अर्थाने दूतावास होते.

शलमोन गेल्यावर, इ.स.पू. 930 च्या आसपास, राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेचं मोठं, सुपीक, श्रीमंत इस्राएल. दक्षिणेचं छोटं, डोंगराळ यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेच्या गादीवर बसला यराबाम, आणि त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहिली. मंदिर तर यरुशलेमात! आपली प्रजा दर सणाला शेजारच्या राज्यात यात्रेला जाणार, तिथे दक्षिणा देणार, आणि एक दिवस तिथल्याच राजाची होऊन बसणार. म्हणून त्याने आपल्या राज्याच्या दोन टोकांना, दक्षिणेला बेथेलमध्ये आणि उत्तरेला दानमध्ये, सोन्याची दोन वासरं बसवली. हे कारण मी कल्पनेने लिहीत नाहीये, 'राजे' पुस्तकातच त्याच्या मनातला विचार म्हणून ते आलंय. म्हणजे लेखकांना राजकारण स्वच्छ कळत होतं. फक्त ते माफ करायची त्यांची तयारी नव्हती.

आता गंमत बघा. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती वासरं म्हणजे वेगळा देव नव्हताच. तो अदृश्य देवाच्या आसनाचा, वाहनाचा प्रकार होता. आपल्याकडे नंदी दिसला की शंकर आठवतो, तसं काहीसं. आणि यरुशलेमच्या मंदिरात काय होतं? गाभाऱ्यात दहा-दहा हात उंच, सोन्याने मढवलेले दोन पंखवाले करूब. त्यांच्यावर अदृश्य देव बसतो अशी श्रद्धा. म्हणजे दक्षिणेतले सोन्याचे करूब चालतात, उत्तरेतलं सोन्याचं वासरू चालत नाही. हा रिपोर्ट लिहिणारे कुठले होते? दक्षिणेतले. असो.

तेव्हापासून उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा येतो: यराबामाच्या वाटेने गेला, नापास. एकूण 19 राजे झाले, दोनशे वर्षं राज्य चाललं, शेरा बदलत नाही. त्यातल्या जिम्रीने तर फक्त सात दिवस राज्य केलं, त्यातही त्याचा वेळ विरोधकांना मारण्यात आणि शेवटी वाडा पेटवून स्वतः मरण्यात गेला. तरी शेरा तोच! सात दिवसांत बिचाऱ्याने बेथेलला जायला तरी कधी सुट्टी काढली असेल कोण जाणे. :-)

अम्री नावाच्या राजाला 'राजे' पुस्तकाने जेमतेम सहा वचनं दिलीत. त्याने शोमरोनची टेकडी विकत घेऊन राजधानी वसवली, वाईट वागला, मेला. संपलं. पण अश्शूरच्या नोंदींमध्ये इस्राएल राज्याचं नावच 'अम्रीचं घराणं' असं येतं, तेही त्याचं घराणं संपल्यावर कितीतरी वर्षं. 1868 मध्ये जॉर्डनमध्ये धिबान इथे मवाबाच्या मेशा राजाचा जो शिलालेख सापडला, त्यातही अम्रीने आपल्या देशाला कसं छळलं याची तक्रार आहे. शेजारी ज्याचं नाव घेऊन बोटं मोडतात तो राजा किरकोळ नसणार.

त्याचा मुलगा अहाब. हा या पुस्तकातला सगळ्यात मोठा खलनायक, आणि त्याची बायको ईजबेल, सीदोनच्या राजाची मुलगी, ती तर विचारूच नका. अहाबाने शोमरोनमध्ये बआलाचं देऊळ बांधलं. म्हणजे यराबामाने दुसरा गुन्हा केला होता, याने पहिला केला. पण याच अहाबाबद्दल दगडावर वेगळीच नोंद आहे. इ.स.पू. 853 मध्ये कर्कार इथे अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसरला अडवायला बऱ्याच राजांनी आघाडी केली होती. शल्मनेसरच्या शिलालेखात (सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे) या आघाडीतल्या अहाबाच्या नावावर 2000 रथ आणि 10,000 सैनिक लिहिलेत. रथांचा आकडा काहींना अवास्तव वाटतो, पण तो आघाडीतल्या मोठ्या भिडूंपैकी होता यात शंका नाही. 'राजे' पुस्तकात कर्कारच्या लढाईचा एका शब्दाने उल्लेख नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. अहाबाच्या मुलांची नावं अहज्या आणि यहोराम. दोन्ही नावांत यहोवाचं नाव गुंफलंय. बआलाचा भक्त आपल्या मुलांना यहोवाची नावं कशाला ठेवेल? म्हणजे अहाबाने जुना देव सोडला नव्हता. त्याने जोडीला आणखी एक आणला होता. बायकोचा, व्यापारातल्या भागीदारांचा. त्याला हे शहाणपणाचं वाटलं असणार, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांनाही वाटेल.

मग विरोध कशाला होता? इथवर मी अहाबाच्या बाजूने बोलतोय असं वाटेल, पण नाबोथाची गोष्ट वाचली आणि मी थबकलो. इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने रीतसर भाव सांगितला, बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला. नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित आहे, देणार नाही. आणि राजा काय करतो? घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही. हे माझ्या आवडत्या प्रसंगांपैकी एक. 2000 रथांचा मालक, पण एका शेतकऱ्याने नाही म्हटल्यावर पुढे काय करायचं हे त्याला माहीत नाही, कारण त्याच्या देशाच्या रिवाजात राजालासुद्धा ती जमीन घेता येत नाही.

ईजबेलला मात्र हे समजतच नाही. तू इथला राजा ना, असं ती त्याला सुनावते. राजाला नाही म्हणता येतं ही कल्पनाच तिच्या माहेरी नसावी. ती राजाच्या नावाने, राजाची मोहर लावून पत्रं पाठवते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथावर देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवते. गाव त्याला दगडांनी ठेचून मारतं. अहाब मळ्यात पाऊल टाकतो आणि समोर एलीया संदेष्टा उभा.

हाच एलीया कर्मेल डोंगरावर बआलाच्या 450 पुजाऱ्यांना एकट्याने आव्हान देतो. ती गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, पण मला नाबोथाची जास्त महत्त्वाची वाटते. दोन्हीकडे भांडण एकच आहे. राजाच्या वर कुणी आहे का नाही? ज्या देवाची मूर्ती राजा घडवू शकतो, ज्याचं देऊळ राजा बांधतो, ज्याचे पुजारी राजाच्या पंगतीला जेवतात, तो देव राजाला नाबोथाबद्दल जाब विचारील का? ईजबेलच्या पंगतीला असे पुजारी शेकड्याने होते असं हे पुस्तक मुद्दाम सांगतं. यहोवाचेही दरबारी संदेष्टे होतेच म्हणा, आणि तेही राजाला हवं तेच सांगायचे. म्हणजे नुसतं देवाचं नाव बरोबर असून भागत नाही, हेही लेखकांनी लपवलेलं नाही.

(जाता जाता: या एलीयाचा महाराष्ट्राशी जिवंत संबंध आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणायचे ते ज्यू, एलियाहू हनाबीला फार मानतात. नवस फेडताना पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. अलिबागजवळच्या खंडाळा गावात त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्यात अशी त्यांची श्रद्धा आहे. मूर्ती न मानणाऱ्यांनी खडकावरची खूण जपली, आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही.)

इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचं राज्य संपवलं. राहिलं छोटं यहूदा. तिथला हिज्कीया हा पैकीच्या पैकी मार्कांचा राजा. त्याने डोंगरावरची पूजास्थानं काढली, स्तंभ फोडले, आणि एक पितळी साप फोडला. आता हा साप साधा नव्हता. वाळवंटात सर्पदंशाने लोक मरत असताना खुद्द मोशेने, खुद्द देवाच्या सांगण्यावरून तो बनवला होता अशी कथा आहे. शेकडो वर्षं जपलेली, संस्थापकाच्या हातची वस्तू! पण लोक तिच्यापुढे धूप जाळायला लागले, म्हणून राजाने तिचे तुकडे केले. मूर्ती ठरायला वस्तू परकीय असावी लागत नाही, हे या एका प्रसंगात आलंय. हिज्कीयाच्या काळी याला किती विरोध झाला असेल ते पुस्तक सांगत नाही.

पण त्याचा पुरावा आडवाटेने येतो. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या स्वतःच्या लेखात 46 तटबंदी शहरं घेतल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचा दावा आहे. लाखीश शहराच्या वेढ्याची त्याने राजवाड्यात कोरून घेतलेली चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेमच्या तटाबाहेर त्याचा अधिकारी येऊन उभा राहतो आणि भाषण ठोकतो. तुमचा देव तुम्हाला वाचवेल म्हणता? अहो, त्याचीच तर सगळी पूजास्थानं तुमच्या राजाने पाडली! तटावरचे अधिकारी घाबरून विनंती करतात, साहेब, अरामी भाषेत बोला, आम्हाला समजतं, इथे तटावर लोक ऐकतायत. तो मुद्दाम लोकांच्या भाषेतच ओरडतो. शत्रूला नेमकं माहीत होतं की भिंतीच्या आत निम्म्या लोकांच्या मनात हाच प्रश्न आहे.

त्या लोकांची देवळं कशी होती ते अरादला दिसतं. नेगेव वाळवंटाच्या कडेला यहूदाच्या या किल्ल्यात 1960 च्या दशकात योहानान अहारोनी यांनी उत्खनन केलं, तर आत यहोवाचं छोटेखानी देऊळ निघालं. गाभाऱ्यात उभा दगड, पायरीवर दोन धूपवेद्या. त्या वेद्या कुणीतरी हलकेच आडव्या निजवून पुरल्या होत्या. फोडल्या नव्हत्या. हिज्कीयाच्या हुकमावरून की शत्रूच्या भीतीने, यावर वाद आहे. 2020 मध्ये त्यांच्यावरच्या काळ्या थराचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झालं: एका वेदीवर ऊद, दुसरीवर चक्क गांजा. सरकारी किल्ल्यात, सरकारी देवळात. काय बोलणार?

हिज्कीयानंतर त्याचा मुलगा मनश्शे, वय वर्षं बारा. बापाने पाडलेलं सगळं याने पुन्हा बांधलं, वर मंदिराच्या अंगणात आकाशातल्या ताऱ्यांसाठी वेद्या उभारल्या, गाभाऱ्याच्या इमारतीत अशेरा देवीची मूर्ती नेऊन ठेवली. पोटच्या पोराला अग्नीत होमलं आणि निरपराधांच्या रक्ताने शहर भरलं असेही आरोप आहेत. आणि याने राज्य किती वर्षं केलं? 55. यहूदाच्या सगळ्या राजांत जास्त. अश्शूरच्या एसरहद्दोनच्या लेखात निनवेच्या वाड्यासाठी माल पुरवणाऱ्या मांडलिक राजांच्या यादीत त्याचं नाव मुकाट्याने बसलंय. बाप बंड करून 46 शहरं गमावून बसला होता. पोराने मान तुकवली आणि देश सावरला. निदान इस्रायल फिंकेलस्टीनसारखे पुरातत्त्वज्ञ तरी या काळाकडे तसं बघतात.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत झाली. नियमाप्रमाणे याचं वाटोळं व्हायला हवं होतं. 'राजे' पुस्तकाने त्यावर काढलेली वाट अशी की शिक्षा झाली, पण उशिरा: यरुशलेम बुडालं ते मनश्शेच्या पापांमुळे. पुढे 'इतिहास' नावाची जी पुस्तकं लिहिली गेली त्यांना हेही पटलं नसावं. त्यांच्यात मनश्शेला अश्शूरचे सरदार आकड्या अडकवून बाबेलला नेतात, तिथे त्याला पश्चात्ताप होतो, तो परत येतो आणि मूर्ती काढून टाकतो. तोच राजा, तीच 55 वर्षं, दोन पुस्तकं, दोन निकाल.

मग योशीया. इ.स.पू. 622 च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ 'सापडतो'. चिटणीस शाफान तो राजापुढे वाचतो, राजा कपडे फाडतो, आणि हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे माणसं पाठवून खात्री करून घेतो. हा ग्रंथ म्हणजे 'अनुवाद'चाच गाभा, असं डी वेट या जर्मन अभ्यासकाने 1805 मध्ये मांडलं, आणि बहुतेक अभ्यासक आजही थोड्याफार फरकाने तेच धरून आहेत. योशीयाने मग झाडून सगळं साफ केलं. अशेरा जाळली, बेथेलची वेदी फोडली, आणि शलमोनाने टेकडीवर बांधलेली ती स्थानंही भ्रष्ट केली. म्हणजे सगळ्यात शहाण्या राजाचे ते 'दूतावास' तीनशे वर्षं तिथेच उभे होते, हिज्कीयाच्या सफाईतूनही वाचले होते!

हुल्दाने या राजाला निरोप दिला होता की तू शांतीने कबरीत जाशील. इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दो इथे मिसरच्या फारो नखोने त्याला ठार केलं. वय 39. तेवीस वर्षांनी शहर जळलं. लेखकांना हुल्दाचं ते वाक्य खोडून टाकणं सहज शक्य होतं. त्यांनी ते ठेवलं, आणि पुढच्याच पानावर योशीयाचं प्रेतही ठेवलं. या एका गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

शहर पडल्यावर काही लोक यिर्मया संदेष्ट्याला सोबत घेऊन मिसरला पळाले. तिथे तो त्यांना पुन्हा तेच सांगतो, मूर्तींपुढे धूप जाळलात म्हणून हे झालं. आणि यिर्मयाच्या पुस्तकात, 44व्या अध्यायात, त्या लोकांचं उत्तरही नोंदवलंय. त्यांचं, विशेषतः बायकांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो, पेयार्पणं ओतत होतो तेव्हा पोटभर खायला होतं. ते बंद केलं आणि तेव्हापासून उपासमार आणि तलवार आमच्या मागे लागली. योशीयाच्या सफाईनंतरचा काळ त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. डेटा दोघांचा एकच. यिर्मया त्यांना पुन्हा शाप देतो, त्या ऐकत नाहीत.

मिसरमध्येच, नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर, यहूदी सैनिकांची एक वसाहत होती. यहोवाला ते याहू म्हणत, आणि त्यांचं स्वतःचं मंदिरही होतं. तिथली पपायरसवरची कागदपत्रं टिकली आहेत, आणि त्यात इ.स.पू. 400 च्या सुमाराची मानली जाणारी एक वर्गणीची यादी आहे. वर मथळा: याहू देवासाठी ज्यांनी चांदी दिली त्यांची नावं, प्रत्येकी दोन शेकेल. पुढे भराभर नावं, त्यात कितीतरी बायकांची. शेवटी जमा रकमेची वाटणी लिहिलीय. याहूसाठी 12 कर्श 6 शेकेल. एशेम-बेथेल देवासाठी 7 कर्श. अनात-बेथेल देवीसाठी 12 कर्श. दहा शेकेलचा एक कर्श धरून बेरीज केली तर 316 शेकेल होतात, आणि एकूण रक्कम लिहिलीय 318. फरक दोन शेकेलचा, म्हणजे बरोबर एका माणसाची वर्गणी.